यहुदी धर्मशिक्षणात खाद्यपदार्थांचा उपयोग



पाटीवर मुळाक्षरे लिहिलेली आहेत, त्यांवर मध लावलेला आहे, आणि एक लहान मूल अक्षरे म्हणून झाल्यावर तो मध जिभेने चाटीत आहे. बाराव्या-तेराव्या शतकांत जर्मनीतील ऱ्हाईन नदीकाठच्या यहुदी वस्त्यांत विद्यारंभ असा होत असे. धर्मग्रंथ मिळाल्याचा सण जो शावुओत, त्या दिवशी मुलाला वस्त्रात गुंडाळून गुरुजींकडे नेत. गुरुजी अक्षरे प्रथम सुलट व मग उलट क्रमाने वाचीत आणि मूल त्यांच्यामागून म्हणे. मधानंतर वचने लिहिलेली पोळी व वचने लिहिलेले उकडलेले अंडे मिळे. तेही वाचल्यावाचून खावयाचे नाही. वर्म्स येथील एलिआझार या पंडिताने या विधीचे वर्णन करून ठेवले आहे. हा मान मात्र मुलग्यांचाच होता. मुली त्यात नव्हत्या.

ही चाल गोड खरी. पण तीत एक धोका आहे, आणि तो त्याच परंपरेतील एका थोर पुरुषाने ओळखला होता. बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ मायमोनिडीझ म्हणतो, की लहान मुलाला ‘शीक, म्हणजे तुला अक्रोड, अंजीर, मध देईन’ असे सांगावे लागते. कारण विद्येचे मोल त्याला कळत नाही. थोडा मोठा झाला की त्याला चांगले जोडे व कपडे हवेत, पुढे द्रव्य हवे, त्याही पुढे लोकांत मान हवा. शेवटी तो सत्यासाठीच शिकू लागला तर शिक्षण सफळ झाले. मायमोनिडीझ ही लाच निषिद्ध ठरवीत नाही. पण तिला लाचच म्हणतो. वर्गात खाऊ वाटणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हा भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

याहून निराळी आणि अधिक खोल अशी रीत वल्हांडण सणाच्या रात्रीच्या भोजनात आढळते. मिसर देशातील दास्यातून पूर्वज सुटले, त्याची ही आठवण. ताटात बेखमीर भाकर, कडू भाजी, मिठाचे पाणी आणि हारोसेत नावाचे दाट गोड मिश्रण असते. युरोपात ते सफरचंद व अक्रोडांचे करतात, बगदादकडील घरांत खजुराचे. ते दास्यातील गाऱ्याचे चिन्ह आहे. चव गोड, रूप मात्र चिखलाचे. येथे पदार्थ बक्षीस म्हणून येत नाही. तो प्रश्न उपजविण्यासाठी येतो. इ. स. २०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्ना ग्रंथातही मुलाने विचारावे व बापाने त्याच्या समजुतीप्रमाणे सांगावे, असाच क्रम आहे. मुले जागी राहावीत व त्यांनी विचारावे म्हणून रब्बी अकिवा त्यांना भाजलेले दाणे व अक्रोड वाटीत असे, असे ताल्मूद सांगतो. तेथेच अबाये याची गोष्ट आहे. जेवण होण्यापूर्वीच समोरचे ताट उचललेले पाहून तो म्हणाला, “अजून जेवलो नाही, आणि ताट कसे नेता?” त्यावर त्याचा गुरू रब्बा उत्तरला, की तू विचारलेस, आता ठरीव प्रश्न म्हणण्याचे आमचे काम उरले नाही. अध्यापनकलेवरील कित्येक जाड ग्रंथांपेक्षा ही लहानशी गोष्ट अधिक शिकविते.

रिबेका ग्राट्झ या बाईंनी १८३८ साली फिलाडेल्फियात यहुदी रविवारची शाळा काढली, तीत मुलींनाही प्रवेश होता. अशा शाळांतून पुढे सणाचे भोजन वर्गातच मांडून दाखविण्याची प्रथा रूढ झाली. बेखमीर भाकर करताना पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत ती भाजून निघाली पाहिजे. समोर घड्याळ ठेवून मुले पीठ मळतात, तेव्हा घाईघाईने देश सोडणे म्हणजे काय, हे त्यांच्या हातांना कळते. दुसरा पाठ आशीर्वचनांचा. झाडाच्या फळाला एक वचन, जमिनीतून येणाऱ्या पिकाला दुसरे. केळे कोठे घालावे? बहुतेक मुले झाडाकडे बोट दाखवितात. पण केळीचे खोड दर वर्षी नव्याने उभे राहते, ते काष्ठमय नव्हे. म्हणून केळ्याला जमिनीचे वचन. धर्माच्या तासात वनस्पतिशास्त्र असे सहज शिरते. अर्थात, अक्रोड किंवा तीळ कोणा मुलाला बाधत नाहीत ना, आणि पदार्थ त्याच्या घरच्या आहारनियमांत बसतो ना, हे आधी विचारावे लागते. अन्न वाया घालविणे या धर्मात निषिद्ध आहे, म्हणून शोभेपुरते शिजवून टाकून देणे बसत नाही. सणाच्या पाठाच्या आरंभी भुकेल्याला जेवावयास बोलावतात; ज्या वर्गात मूल उपाशी बसले आहे, तेथे पदार्थाला चिन्ह म्हणून पुढे करण्यापूर्वी तो त्याच्या पोटात जावयास हवा.

पदार्थ राहिला आणि प्रश्न हरवला म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्या कोकणातच आहे. रायगड जिल्ह्यातील गावांतून तेलघाणे चालविणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’, म्हणजेच बेने इस्रायल लोक, शतकानुशतके इतर यहुद्यांपासून तुटलेले होते. त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हते. वल्हांडणाच्या दिवसांत ते ‘अनशी ढाकाचा सण’ पाळीत. आंबट रसाचे भांडे झाकून ठेवण्याची चाल तेवढी उरली होती. वर्षारंभाच्या महिन्यात ‘खिरीचा सण’ असे. भांडे झाकले जात होते. ते का झाकावयाचे, हे सांगणारा मात्र कोणी उरला नव्हता. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या समाजाच्या इतिहासात या जुन्या नावांची नोंद केली, आणि मुंबईत १८७५ साली सुरू झालेल्या इस्रायली शाळेच्या उभारणीतही तेच अग्रभागी होते. त्याच्या एक वर्ष आधी पुण्यात वल्हांडणाच्या रात्रीचा पाठ मराठी भाषांतरासह छापून निघाला. त्यातील चित्रांत लुगडी नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करीत आहेत, आणि मुलाने विचारावयाचे चार प्रश्न मराठीत दिले आहेत.