गोष्टीचे नाटक आणि शाळेचा वर्ग



कथेवरून नाटक रचण्याविषयी तंजावर मुलखातील चोळपुरम् येथे बोलताना दाखल्यासाठी दूर जावे लागत नाही. कारण सांगलीस 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्यापूर्वी सुमारे दीडशे वर्षे तंजावरच्या शहाजीराजांच्या दरबारी ‘लक्ष्मीनारायणकल्याणा’सारखी मराठी नाटके रचली गेली होती. त्याच राजांच्या ‘पंचभाषाविलासा’त पात्रे आपापल्या प्रांताची भाषा बोलतात; शाळेत तमिळ आणि घरी मराठी बोलणाऱ्या आपल्या मुलांना ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. पुढे दुसऱ्या सरफोजीराजांनी ‘देवेंद्र कुरवंजी’त जगाचा भूगोल कुरवंजीच्या, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या स्त्रीच्या, मुखी घातला, आणि त्यांच्याच अमदानीत इसापाच्या गोष्टी ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने मराठीत छापल्या गेल्या. भूगोलाचेही जेथे नाटक झाले, तेथे गोष्टीचे का होऊ नये?

या मुलखातील प्रत्येक मुलाला ठाऊक असलेली वडे तळणाऱ्या आजीची गोष्ट घ्या. कावळा वडा पळवतो, कोल्हा त्याच्या गळ्याची तारीफ करतो, कावळा गाण्यासाठी चोच उघडतो आणि वडा खाली पडतो. गोष्ट सांगणाऱ्याला हे चार वाक्यांत आटोपते. परंतु तीच वर्गातील दहाबारा मुलांच्या स्वाधीन केली, की पहिल्याच प्रवेशात खरा पेच उभा राहतो, तो असा की, चोचीत वडा असेपर्यंत कावळ्याला बोलताच येत नाही. मग त्याचा फुगलेला अभिमान प्रेक्षकांना कळावा कसा? कोणी म्हणेल, सूत्रधाराने सांगावे. कोणी म्हणेल, कावळ्याने पंख सावरून मान तिरकी करावी, म्हणजे पुरे. आणि एखादी चौकस मुलगी विचारील, की आजी तेवढा वेळ काय करते, कारण नुकसान तर तिचे झाले आहे. हा वाद म्हणजेच त्या तासाचा अभ्यास होय. गुरुजींनी येथे निवाडा देण्याची घाई केली, तर संहिता नीटनेटकी होईल, परंतु ती मुलांची राहणार नाही.

गुरुजींनी तजवीज करावी ती एवढीच: प्रथम गोष्टीचे प्रवेश पाडावेत, प्रत्येक प्रवेशाला लिहिणारा कारकून निराळा नेमावा, म्हणजे एकाच हुशार मुलाची भाषा सर्व पात्रांच्या तोंडी बसणार नाही, लिहिलेले उभे राहून मोठ्याने म्हणवून घ्यावे, आणि जे वाक्य जिभेवर अडखळते त्यावर तेथेच काट मारावी. सूत्रधाराला बोलावयास थोडेच ठेवावे, कारण पात्रांना कृतीने दाखवता येण्याजोगे जे जे तो सांगून टाकतो, ते ते पात्रांच्या हातून जाते.

आजीची भाषणे मात्र वर्गात बसून लिहिता यावयाची नाहीत. म्हणून माझी विनंती पालकांना आहे: ज्या घरी एखादी वृद्धा अद्याप तंजावरी मराठी बोलते, तेथे मुलाला वही-पेन्सिल घेऊन तिच्याजवळ बसवा, चुलीवरचा वडा कावळ्याने नेला तर ती काय म्हणेल ते तिला विचारू द्या, आणि ती बोलेल ते, शुद्धाशुद्धाचा विचार न करता, जसेच्या तसे लिहून घेऊ द्या.