कोडेकाराची सचोटी : क्रिप्टिक शब्दकोडे आणि त्याची उकल



मराठी दैनिकांतील शब्दकोडे बहुधा समानार्थी शब्द विचारते. 'हात' असा संकेत द्यावा आणि दोन घरे मोकळी ठेवावीत. आता उत्तर 'कर' की 'हस्त', 'भुज' की 'बाहू'? चारही शब्द दोन अक्षरांचे आणि चारही बरोबर. आडव्या-उभ्या शब्दांची अक्षरे हाती येईपर्यंत वाचकाने थांबावे, किंवा दुसऱ्या दिवशी छापून येणाऱ्या उत्तराची वाट पाहावी. त्याच्या उत्तराचा खरेखोटेपणा त्या एका संकेतावरून ठरत नाही.

आता संकेत असा वाचावा : 'सरकारला द्यावा लागणारा हात (२)'. वाक्य विचित्र वाटते. पण सरकारला द्यावा लागतो तो 'कर', आणि हात म्हणजेही 'कर'. दोन वेगळ्या वाटा एकाच शब्दाशी येऊन मिळाल्या. हस्त, भुज, बाहू आपोआप गळाले. उत्तर कोणी सांगण्याची गरज उरली नाही. इंग्रजीत 'क्रिप्टिक क्रॉसवर्ड' म्हणून जो प्रकार वाढला, त्याचे सारे मर्म या एका उदाहरणात आहे. मराठीत त्यास कूट शब्दकोडे म्हणता येईल.

चौकटींचे शब्दकोडे जन्मले अमेरिकेत. मूळचे लिव्हरपूलचे आर्थर विन यांचे पहिले कोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये छापले गेले. त्याला कूटरूप मिळाले ते इंग्लंडमध्ये. रविवारच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये एडवर्ड पॉइस मॅदर्स यांनी १९२६ पासून अशी कोडी रचली. स्पेनच्या धर्मन्यायपीठाचा कठोर प्रमुख टॉर्केमादा याचे नाव त्यांनी टोपणनाव म्हणून घेतले. वाचकांचा छळ करण्याची ती विनोदी कबुलीच होती. १९३९ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर डी. एस. मॅकनट हे अभिजात भाषांचे शिक्षक 'झिमेनीझ' या नावाने पुढे आले. तेही अशाच एका धर्मन्यायाधीशाचे नाव. परंतु मॅकनट यांनी छळाला नियमांची चौकट घातली. ए. एफ. रिची तथा 'अफ्रित' यांनी १९४९ मध्ये मांडलेले तत्त्व त्यांनी प्रमाण मानले आणि १९६६ मध्ये या कलेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तत्त्वाचा आशय असा : शब्दांचा वरवरचा अर्थ कोडेकाराला अभिप्रेत असलाच पाहिजे असे नाही, पण त्याला जे अभिप्रेत आहे, ते त्या शब्दांत प्रामाणिकपणे सांगितलेले असले पाहिजे. फसवणूक चालेल, लबाडी चालणार नाही.

म्हणून उत्तम संकेताची तीन लक्षणे मानली जातात. त्यात उत्तराचा नेमका अर्थ असावा, उत्तर घडविण्याची दुसरी रीत असावी, आणि या दोहोंवाचून एकही फालतू शब्द नसावा. अर्थ बहुधा संकेताच्या आरंभी किंवा अखेरीस असतो. प्रथम तो कोणत्या टोकाला आहे हे हेरावे; उरलेले शब्द ही कृती समजावी.

'उलटी फिरलेली नदी गरीब करते (२)'. अर्थ आहे 'गरीब', कृती आहे 'उलटी फिरलेली नदी'. 'नदी'ची अक्षरे उलट क्रमाने वाचली की 'दीन'. वाल्या कोळ्याच्या 'मरा'चा 'राम' झाल्याची कथा ठाऊक असलेल्या समाजाला ही युक्ती परकी वाटू नये. येथे 'उलटी फिरलेली' हे शब्द गाळून नुसते 'नदी गरीब करते' म्हटले असते, तर उत्तर तेच राहिले असते. परंतु कोडेकाराने स्वतःला ठाऊक असलेली गोष्ट वाचकापासून चोरली असती.

'आज गरजेत दडलेली दुनिया (२)'. 'दडलेली' हा शब्द दिशा दाखवितो. 'आज गरजेत' ही अक्षरे सलग वाचावीत. दोन शब्दांच्या सांध्यावर 'जग' सापडते.

'विस्कटलेल्या कमलातून लेखणी (३)'. 'कमल' या शब्दाची अक्षरे विस्कटून मांडली की 'कलम'.

'खुशीने तयार झालेल्या नामदेवाचे पद सोडण्याचे पत्र (४)'. खुशीने तयार म्हणजे 'राजी', नामदेव म्हणजे 'नामा'; पद सोडण्याचे पत्र 'राजीनामा'. वस्तुतः या शब्दातील 'नामा' म्हणजे फार्सीत लेख किंवा पत्र. कोडेकाराने त्या जागी पंढरीचा भक्त उभा केला आणि वाचकाची नजर पत्रावरून संतावर वळविली. तरी त्याने असत्य असे काहीच सांगितले नाही.

इंग्रजीतील सर्वच युक्त्या मराठीत तितक्या चालणार नाहीत, हेही ओळखले पाहिजे. इंग्रजी कोड्याच्या घरात एक वर्ण बसतो. मराठी घरात काना, मात्रा, वेलांटीसह संपूर्ण अक्षर बसते. 'नदी'चे 'दीन' होते ते 'द' आपली वेलांटी बरोबर घेऊन फिरतो म्हणून. यामुळे अक्षरे विस्कटून नवा शब्द घडविण्यास मराठीत वाव कमी. ही उणीव भरून निघते ती श्लेषात आणि शब्दांच्या तोडीत. १९६२ च्या लेखननियमांनुसार अखेरचा इकार दीर्घ लिहिला जातो. त्यामुळे हाताचा अर्थ असलेला संस्कृत 'पाणि' मराठीत 'पाणी' होऊन जलाशी एकरूप होतो. कोडेकाराला याहून मोठी देणगी कोणती हवी?

शिवाय आपली परंपराही रिक्तहस्त नाही. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत प्रहेलिकेची गणना आहे. दंडीने 'काव्यादर्शा'त प्रहेलिकेचे सोळा प्रकार वर्णिले आणि पूर्वाचार्यांनी सदोष प्रहेलिकाही वेगळ्या काढल्याचे नमूद केले. म्हणजे न्याय्य कोडे कोणते आणि अन्याय्य कोणते, हा वाद येथेही जुनाच. गोष्ठीतील विनोदाबरोबरच गर्दीत गुप्त मसलत करणे हा प्रहेलिकेचा एक उपयोग दंडीने सांगितला आहे. जानेवारी १९४२ मध्ये लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'ने बारा मिनिटांत कोडे सोडविण्याची स्पर्धा घेतली आणि तीत उतरलेल्यांपैकी काहींना शत्रूचे सांकेतिक संदेश उकलणाऱ्या ब्लेचली पार्कच्या केंद्रात बोलावणे गेले, तेव्हा त्या वचनाचा अनपेक्षित प्रत्यय आला. आपल्या मोरोपंतांनी ओष्ठ्य वर्ण टाळून 'निरोष्ठ रामायण' रचले. अक्षरांचे असे कठोर व्रत पाळणाऱ्या भाषेला कूट शब्दकोडे जड जाण्याचे कारण नाही.

उणीव आहे ती उकलीच्या सवयीची. नुसती उत्तरे छापल्याने वाचक शिकत नाही. उत्तर का येते, हे शब्दशः सांगावे लागते. उकल छापली की कोडेकारही वाचकांच्या न्यायासनापुढे उभा राहतो. एखादा शब्द फालतू होता किंवा अर्थ ओढूनताणून आणला होता, हे कोणीही सामान्य सभासद कोशाचे पान उघडून दाखवू शकतो. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत या गोष्टीला अधिक मोल आहे. तेथे मराठी बोलली जाते, परंतु शाळा आणि व्यवहार यांची भाषा पुष्कळदा निराळी असते. शब्द कानावर येतात, पण ते तपासून पाहण्याचे प्रसंग विरळ होत जातात. एक संकेत सोडविण्यासाठी मुलाने आजोबांना 'कलम' या शब्दाचे अर्थ विचारले, तर लेखणी, कायद्याचे कलम आणि आंब्याचे कलम असे तिन्ही अर्थ एका बैठकीत त्याच्या हाती लागतात.

यासाठी मोठा खर्च नको. वाचनकक्षाच्या फलकावर दर सोमवारी एक संकेत लावावा, शेजारी कोश ठेवावा आणि शनिवारी उत्तराबरोबर उकलही लिहावी. सभासदांनी आक्षेप घ्यावेत आणि संकेत रचणाऱ्याने त्यांना उत्तर द्यावे. पहिल्या सोमवारसाठी हा संकेत चालेल : 'दमयंतीच्या पतीच्या पोटात आणि म्हणजे आश्चर्य! (३)'. संस्कृत वळणाने पतीचे नाव घ्यावे, आणि 'आणि' या शब्दाकडे दुर्लक्ष करू नये.