क्रीडापथकाचा परदेशप्रवास



१९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक तेथे गेले होते. १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापिलेल्या या संस्थेच्या तरुणांना पदके जिंकावयाची नव्हती. परतंत्र देशाचे कबड्डी, मल्लखांब आदी खेळ जगास दाखवावयाचे होते. पुढे १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीस पदकाचा मान लाभला.

पथक परदेशी राहिले थोडे दिवस. तयारी मात्र आखाड्याच्या मातीत वर्षानुवर्षे झाली होती. कबड्डीस आखलेले मैदान आणि चौदा मुले पुरतात. सांगोला-मंगळवेढ्याच्या खेड्यांतही ते जमते. परंतु अभ्यासक्रम मागे पडला की प्रथम खेळाच्या तासावरच गदा येते. तो तास गणितास देणाऱ्या शिक्षकाने ध्यानी घ्यावे की, दम राखणे, नियम पाळणे आणि बाद झाल्यावर मुकाट्याने बाहेर बसणे हे धडे त्या दिवशी राहूनच गेले. शेजारच्या गावी सामन्यास गेलेले मूलही आपल्या शाळेचा प्रतिनिधीच असते. बर्लिनची वाट अशाच परगावावरून जाते.