अठराव्या वर्षानंतरचे घर



लातूर आणि नांदेड या दोन शहरांना परगावची मुले सांभाळणे नवे नाही. 'लातूर पॅटर्न'चा लौकिक सर्वदूर पसरला, तेव्हापासून लातूरच्या उद्योग भवन परिसरात आणि नांदेडच्या श्यामनगर भागात दरवर्षी हजारो विद्यार्थी शिकवणीसाठी येतात. वसतिगृहे, भाड्याच्या खोल्या, मेस, अभ्यासिका, घरगुती डबे अशी एक मोठी व्यवस्था त्यांच्याभोवती उभी राहिली आहे. गावाकडचे आई-वडील पैसे पाठवतात आणि शहर त्यांच्या लेकरांची सोय पाहते. ज्याच्यासाठी पैसे पाठवणारे कोणीही नाही, त्या तरुणाकडे मात्र या व्यवस्थेचे लक्ष जात नाही. आजच्या चिंतनाचा विषय तो तरुण आहे.

हा तरुण बहुधा बालगृहात वाढलेला असतो. 2015 च्या बाल न्याय अधिनियमानुसार अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत तो 'बालक' असतो आणि शासनाचे संरक्षण त्याला मिळते. नातेवाईकांकडे राहणाऱ्या निराधार मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. 2023 पासून तिचे अनुदान दरमहा 2250 रुपये झाले. पण तेही अठराव्या वर्षी थांबते. त्यापुढील काळासाठी कायद्यात अनुरक्षणाची तरतूद आहे आणि ती साधारणपणे एकविसाव्या वर्षापर्यंत लागू होते. तथापि राज्यातील अनुरक्षणगृहे हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच आहेत. सुस्थित घरातील मुलगा अठराव्या वर्षी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात असतो आणि त्याची आई त्याला जेवलास का म्हणून विचारत असते. नेमक्या त्याच वयात या मुलाच्या डोक्यावरचे छप्पर जाते.

पंगत मिळते, पत्ता मिळत नाही

नांदेडमध्ये उपाशी झोपण्याची वेळ सहसा कोणावर येत नाही. सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये जात, पंथ, गाव न विचारता ताट वाढले जाते. ही परंपरा साऱ्या देशाला भूषणावह आहे. परंतु जेवण झाल्यावर हा तरुण जाणार कोठे? खोली भाड्याने मागावी, तर घरमालक ओळखीचा माणूस विचारतो. महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जात पालकाच्या सहीसाठी एक जागा असते, ती रिकामी राहते. रहिवासी दाखल्यासाठी पत्ता लागतो, जातीच्या दाखल्यासाठी वडिलांची कागदपत्रे लागतात. पुण्या-मुंबईच्या रेल्वे फलाटावर रात्र काढणाऱ्या एखाद्या तरुणामागे बहुधा अशा रिकाम्या रकान्यांची मालिका असते. याच अडचणीतून गेलेल्या एका अनाथ तरुणीच्या पाठपुराव्यामुळे महाराष्ट्र शासनाने 2 एप्रिल 2018 च्या निर्णयाने अनाथांना शिक्षण व नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिले. हा निर्णय ऐतिहासिक होता, यात शंका नाही. मात्र आरक्षणाने जागा मिळते. ती मिळेपर्यंतची तीन-चार वर्षे काढायची कोठे, याचे उत्तर समाजालाच द्यावे लागते.

हे उत्तर देण्याची क्षमता या भूमीत आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीची धरणी हादरली. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे ढिगाऱ्याखाली गेली आणि कित्येक मुले एका क्षणात पोरकी झाली. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने सुमारे 1200 मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या जनकल्याण समितीने लातूरजवळ हरंगुळ येथे निवासी विद्यालय उभे केले. संकट डोळ्यांसमोर होते आणि समाज धावून आला. अठराव्या वर्षी येणारे संकट असे दिसत नाही. त्याचा आवाज होत नाही, त्याची बातमीही होत नाही.

हासेगावचा धडा

औसा तालुक्यातील हासेगावची कहाणी अधिक कठीण आणि म्हणूनच अधिक बोधप्रद आहे. पत्रकारिता सोडून रवी बापटले यांनी 2007 मध्ये तेथे एचआयव्हीबाधित अनाथ मुलांसाठी 'सेवालय' सुरू केले. गावातून विरोध झाला. ही मुले शाळेत येतात म्हणून इतर पालकांनी आपली मुले शाळेत पाठवणे बंद केले, इथपर्यंत वेळ आली. तरी काम थांबले नाही. मुले औषधोपचाराने जगली, मोठी झाली, अठरा ओलांडून पुढे गेली. आता त्यांना बाहेर काढायचे काय? सेवालयाने त्यांच्यासाठी 'हॅपी इंडियन व्हिलेज' वसवले. तेथे ही मुले-मुली राहतात, काम करतात. त्यांचे विवाह जुळवले जातात. लग्न होऊन गेलेल्या मुलीला हक्काने परतता येईल असे माहेर असावे, एवढी साधी गोष्ट तेथे ओळखली गेली. बालगृह आणि घर यांत फरक असतो तो एवढाच. बालगृहातून जावे लागते, घरी परत येता येते.

आपल्याकडे गरीब विद्यार्थ्याने वार लावून जेवण्याची रीत होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात घरांनी मिळून एक मूल शिकवले. त्या रीतीला जातीचे कुंपण होते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. ते ओलांडण्यासाठीच राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारण्यास बळ दिले. लातूरच्या ज्या महाविद्यालयाने 'पॅटर्न' घडवला, त्याला शाहू महाराजांचेच नाव आहे. त्या नावाचे ऋण गुणवत्ता यादीने फिटणारे नाही.

म्हणून आज कुंपणाविना वार पुन्हा लावावे लागतील. प्रत्येक खासगी वसतिगृहाने एक खाट आणि प्रत्येक मेसने एक ताट अशा तरुणासाठी राखावे. एखाद्या निवृत्त शिक्षकाने वा व्यापाऱ्याने स्थानिक पालक म्हणून त्याच्या अर्जावर सही करावी, त्याच्या खोलीसाठी शब्द टाकावा. सात कुटुंबांनी मिळून एका तरुणाचा भार वाहिला, तर तो कोणालाच जड होणार नाही. आणि दिवाळीत वसतिगृहे ओस पडतात, सारी मुले एसटी पकडून गावी जातात, त्या दिवसांत या सातांपैकी एका घरातून त्याला बोलावणे जावे. "सणाला आपल्याकडे ये," असे म्हणणारे कोणी असले, की माणूस बेघर राहत नाही. शासन छप्पर देईल. हे बोलावणे समाजानेच धाडायचे आहे.