गावचा तलाव आणि शाळेची दक्षता



पूर्णेवरील सिद्धेश्वर आणि पैनगंगेवरील इसापूर ही हिंगोली जिल्ह्याच्या परिचयाची मोठी धरणे. त्यांच्या देखरेखीसाठी अभियंते नेमलेले असतात. गावाशेजारच्या जुन्या पाझर तलावाची स्थिती निराळी असते. तेथे गुरे पाणी पितात, पोळ्याला बैल धुतले जातात, सुट्टीत मुले डुंबतात. बांधाकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. २०२१ चा धरण सुरक्षा अधिनियम १५ मीटरहून उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांपैकी काहींनाच तो लागू होतो. त्याहून लहान तलाव त्याच्या कक्षेबाहेर राहतात. यास्तव अशा तलावाचा पहिला पहारेकरी गावच होय.

तलाव लहान म्हणून धोकाही लहान, असे मानणे चुकीचे ठरेल. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले, भेंदवाडीतील घरे वाहून गेली आणि सुमारे वीस माणसे प्राणास मुकली. धरणाच्या गळतीविषयी ग्रामस्थांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. त्यापूर्वी १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे मातीचे धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे दगडी धरणही टिकले नाही आणि पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला.

मातीचा बांध मुख्यतः दोन प्रकारे फुटतो. पाणी माथ्यावरून वाहू लागले की ते मागील उताराची माती खरवडून नेते. म्हणूनच जादा पाण्यासाठी सांडवा ठेवलेला असतो. अधिक पाणी साठावे या लोभाने सांडव्यात दगड वा मातीच्या गोण्या रचणे म्हणजे संकटाला आमंत्रण देणे होय. दुसरा प्रकार छुपा असतो. बांधाच्या पोटातून झिरपणारे पाणी मातीचे कण ओढून नेते आणि आत पोकळी वाढत जाते. पायथ्याशी स्वच्छ पाणी पाझरत असेल तर त्यावर लक्ष ठेवावे. तेच पाणी गढूळ झाले, किंवा त्याचा ओघ एकाएकी वाढला, तर क्षणाचाही विलंब करू नये. माथ्यावरील भेगा, खचलेली जागा, घुशींची बिळे आणि बांधावर वाढलेली बाभूळ हीही दुर्लक्ष करण्याजोगी चिन्हे नव्हेत. झाडाचे मूळ कुजले की पाण्याला वाट मिळते.

या बाबतीत शिक्षकाला पुष्कळ करता येईल. परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांकडून गावाचा नकाशा काढून घ्यावा. त्यात तलाव, सांडवा, ओढ्याकाठची वस्ती आणि उंचावरील सुरक्षित जागा दाखवावी. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर गावातील जाणत्या माणसांसह बांध पाहून तारखेनिशी नोंद ठेवावी. आढळलेला दोष ग्रामपंचायतीस आणि तलाव ज्या विभागाचा असेल त्या विभागास लेखी कळवावा व अर्जाची पोच घ्यावी. धोका समोर दिसत असेल तर पत्राची वाट न पाहता खालच्या वस्तीला सावध करावे व जिल्हा नियंत्रण कक्षास १०७७ या क्रमांकावर कळवावे. मुलांना मात्र भरपावसात बांधावर कदापि नेऊ नये, आणि सांडव्याच्या प्रवाहात उतरू देऊ नये.

तलाव हे गावाचे धन आहे. ज्या शाळेतील मुलांना सांडव्याचे प्रयोजन आणि गढूळ गळतीचा अर्थ समजला, त्या गावाला संकटाची चाहूल वेळेवर लागेल.