मुक्तद्वार

(अधारताल, जबलपूर येथे मराठी वाचकांपुढे अनुवादिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



या पुस्तकाचा अनुवाद करताना एका साध्या शब्दाने मला बरेच दिवस अडवून ठेवले. एरवी बंद असणाऱ्या वास्तू वर्षातून एकदा सर्वांना पाहावयास खुल्या करावयाच्या, ही प्रथा फ्रान्समध्ये 1984 साली सुरू झाली. लंडनमध्ये ती 1992 पासून ‘ओपन हाउस’ या नावाने चालू झाली. या नावाला मराठी प्रतिशब्द कोणता? ‘खुले घर’ म्हटले तर ते विकाऊ घर वाटावे. अखेरीस आपल्या मुक्तद्वार भोजनाची आठवण झाली, आणि ‘मुक्तद्वार’ हा शब्द मी निश्चित केला.

आपल्याकडे असा एक उपक्रम जानेवारी 2021 मध्ये मुंबई महानगरपालिकेच्या मुख्यालयात सुरू झाला. शनिवार-रविवारी, आगाऊ नाव नोंदवून, माहितगारासोबत वास्तू पाहावयाची. पुढे मी वडिलांना घेऊन तेथे गेले. त्यांची सारी नोकरी मुंबईत झाली. कामानिमित्त ते या इमारतीत अनेकदा आले होते. पण काम आटोपले की लोकल गाठायची, एवढेच त्यांना ठाऊक.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने ही इमारत रचली. 1884 मध्ये पायाभरणी झाली आणि 1893 मध्ये ती पूर्ण झाली. समोरचे रेल्वे टर्मिनसही त्याचेच. परंतु येथे त्याने गॉथिक कमानींवर हिंदी वळणाचे घुमट चढविले. मधल्या घुमटाखालच्या जिन्यावर वडील थांबले. गुडघ्यांमुळे थांबले असावेत, असे मला वाटले. ते वर पाहत होते. थोड्या वेळाने म्हणाले, “इतकी वर्षं आलो गं, पण हे कुणी दाखवलंच नाही.”

त्या वाक्याने माझ्या प्रतिशब्दातील उणीव माझ्या ध्यानात आली. मुक्तद्वार भोजनातही पंक्तिभेद असू शकतो. दार सर्वांना उघडे. पण कोणाला काय वाढले जाते, हा प्रश्न उरतोच. वडिलांना त्या इमारतीचे दार कधीच बंद नव्हते. बंद होते ते तिच्याविषयीचे ज्ञान. ते बहुतांशी इंग्रजी ग्रंथांत होते, आणि ते ग्रंथ त्यांच्या हाती कधी पडले नाहीत. अनुवादकाचे काम हा पंक्तिभेद मोडण्याचे आहे, असे मी मानते.

विवाहानंतर मी जबलपूरला आले. येथे भेडाघाटच्या टेकडीवर दहाव्या शतकातील चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार देवालय आहे. आपण आज ज्या वस्तीत बसलो आहोत, तिचा तलाव राणी दुर्गावतीचे मंत्री आधारसिंह यांचे नाव सांगतो. या दोहोंना दारे नाहीत. तरीही आपल्यापैकी कितीजणांनी आपल्या मुलांना तेथे उभे करून, त्यांना कळेल अशा मराठीत, चार गोष्टी सांगितल्या आहेत?

हे पुस्तक वाचून एखाद्या घरातील मूल जरी मान वर करून पाहू लागले, तरी माझे श्रम कारणी लागले असे मी समजेन.