गुणांचा आकडा आणि आपल्या मुली
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



टेंभी नाक्यावर हल्ली डॉक्टर झालेली मुलगीही 'अजून परीक्षेतच' असते. एम.बी.बी.एस. नंतर एम.डी.ची जागा मिळते ती 'नीट-पीजी'च्या क्रमांकावर. २०२३ साली माझ्या भाचीला ५० पर्सेंटाइलहून थोडे कमी मिळाले. मी म्हटले, "अगं, निम्मेसुद्धा गुण नाहीत?" ती रडली. मग मला उमगले की, पर्सेंटाइल म्हणजे शेकडा गुण नव्हेत. शेकडा किती परीक्षार्थी आपल्या मागे आहेत, तो आकडा. त्याच सप्टेंबरात पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलवर आली. कालची नापास आज पात्र! पण पात्रता म्हणजे जागा नव्हे. हवा तो विषय मिळाला नाही. ती पुन्हा अभ्यासाला बसली.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेत वैद्यकीय कॉलेजात गेल्या, त्या स्वतः लिहिलेल्या अर्जाच्या बळावर. आज सुमारे दोन लाख उमेदवारांत तसे कसे जमावे? वशिल्यापेक्षा परीक्षा बरी, हे मीही मानते. मात्र तो आकडा कॉलेजच्या दाराशी विचारावा, घराच्या उंबऱ्यात नव्हे. मी भाचीची क्षमा मागितली. आपल्यापैकी कुणावर ती पाळी न येवो, एवढेच मागणे.